डोंगर आणि इमारती एकाच चित्रात: नाते कसे रंगवावे?

उपवनकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. नोकरी सांभाळून मी जलरंगात आणि अलीकडे ॲक्रिलिकमध्येही चित्रे काढतो. ठाण्यात उपवन तलावापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत पसरलेला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचा पट्टा हा माझा आवडता विषय आहे. इथे एका बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल खाली उतरत येते आणि दुसऱ्या बाजूने उंच गृहसंकुले डोंगराकडे सरकत जातात. मधल्या अरुंद जागेत संरक्षक भिंत, ओढा, पाड्यांतली घरे, एखादे देऊळ, चहाची टपरी असे सगळे दाटीवाटीने उभे असते.

अडचण अशी आहे की कागदावर माझी दोन वेगळी चित्रे शेजारी शेजारी उभी राहतात. इमारती पुढे घेतल्या की डोंगर नाटकाच्या मागच्या पडद्यासारखा सपाट होतो. झाडे पुढे घेतली की इमारती दूरच्या ठोकळ्यांसारख्या दिसू लागतात. दोन्ही वेळा पाहणारा एकच अर्थ काढतो, तो म्हणजे शहराने निसर्ग गिळला. हा अर्थ खोटा आहे असे मी म्हणणार नाही, पण प्रत्यक्ष जागेवर मला जे दिसते ते त्याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असते.

उदाहरणार्थ, आमच्या संकुलाच्या मागे डोंगर कापून बांधलेली उंच भिंत आहे आणि तिच्यात पाण्याच्या निचऱ्यासाठी ठराविक अंतरावर पाइपाची तोंडे ठेवलेली आहेत. जुलैत त्या प्रत्येक तोंडातून डोंगरात मुरलेल्या पाण्याची धार लागते. धारेखाली भिंतीवर शेवाळाचे लांब हिरवे पट्टे उमटतात, त्यांच्या कडेला नेचे उगवतात, आणि वरच्या रांगेतल्या एका तोंडात पिंपळाने चांगलेच मूळ धरले आहे. भिंतीच्या तळाशी पहारेकऱ्याची प्लॅस्टिकची खुर्ची असते आणि तो पायाशी वाहणारे पाणी चुकवत बसलेला असतो. यात डोंगर कुठे संपला आणि इमारत कुठे सुरू झाली हे मला सांगता येत नाही, आणि नेमके तेच रंगवायचे आहे.

रचनेच्या आणि रंगांच्या दृष्टीने हा प्रश्न कसा हाताळावा, आणि कोणत्या चित्रकारांनी तो आधी हाताळला आहे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

भित्तिचित्र

आपला प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचे मला माहीत असलेले सर्वांत समर्थ उत्तर इटलीतील सिएना शहराच्या नगरभवनात भिंतीवर रंगवलेले आहे. आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८–३९ मध्ये तिथल्या सभागृहात सुशासन आणि दुःशासन या विषयांवर भित्तिचित्रे केली. त्यांपैकी सुशासनाचे परिणाम दाखवणारे चित्र सुमारे १४ मीटर लांब असून त्याच्या डाव्या अर्ध्या भागात शहर आणि उजव्या अर्ध्या भागात खेडी, शेते व टेकड्या आहेत. म्हणजे मांडणी अगदी आपल्याला नको असलेलीच आहे: दोन जगे आणि मधोमध उभा तट.

तरीही ते चित्र एकसंध राहते, आणि त्याचे कारण त्या तटातल्या वेशीपाशी सापडते. शेतकरी लादलेली जनावरे आणि एक डुक्कर घेऊन चढ चढत वेशीकडे येत आहेत. त्याच वेशीतून श्रीमंत मंडळी घोड्यांवरून, शिकारीचे ससाणे घेऊन बाहेर पडत आहेत. शहरात गवंडी छपराच्या उंचीवर काम करत आहेत, बाहेर कापणी आणि मळणी चालू आहे. आपली नजर तटाशी अडत नाही, कारण माणसे आणि माल तिला दोन्ही दिशांनी पलीकडे घेऊन जातात. वेशीबाहेर, शेतांच्या वर, सुरक्षिततेची पंख असलेली मूर्ती तरंगते आहे. तिच्या एका हातात सर्वांनी निर्भयपणे ये-जा करावी आणि पेरणी करावी असे सांगणारा लेख आहे आणि दुसऱ्या हातात फासाचा खांब आहे. सगळे सुरळीत चालण्यामागे दंडाची सत्ता आहे हे लोरेन्झेत्तीने लपवलेले नाही, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

याच्या अगदी उलट पद्धत एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, हिरोशिगे या चित्रकाराची. १८५६ ते १८५८ या काळात त्याने त्या शहराच्या शंभराहून अधिक दृश्यांची मालिका केली. १८५५ च्या मोठ्या भूकंपानंतर शहर पुन्हा उभे राहत असतानाचा हा काळ आहे. कामेइदोच्या बागेच्या चित्रात प्लमच्या झाडाची फांदी चौकटीच्या कडांनी तोडलेली, डोळ्यांच्या अगदी जवळ आणलेली आहे आणि माणसे तिच्या पलीकडे चिमुकली दिसतात. सुरुगा-चो या बाजारपेठेच्या चित्रात दोन्ही बाजूंची दुकाने मागे निमुळती होत जातात आणि बरोबर त्या रस्त्याच्या डोक्यावर फुजी पर्वत येतो. दोहोंच्या मध्ये त्याने ढगाचा एक पट्टा सोडला आहे. पर्वत शहरापासून वेगळा आहे आणि तरीही त्या रस्त्याची दिशा पर्वतानेच ठरवली आहे असे वाटते. ठाण्यात डोंगराच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यांपैकी एखादा आपण या नजरेने पाहावा.

माझ्या मते आपले चित्र त्या भिंतीपाशी आहे, कारण भिंत हीच आपली वेस आहे. डोंगराचे शिखर आणि इमारतींचे वरचे मजले चौकटीबाहेर गेले तरी चालतील.

ओलाकागद

रचनेविषयी वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी रंगांपुरते बोलतो.

दोन चित्रे शेजारी उभी राहण्याचे सर्वांत सामान्य कारण असे, की आपण डोंगरासाठी एक रंगपेटी वापरतो आणि इमारतींसाठी दुसरी. डोंगराला नळीतला तयार सॅप ग्रीन, इमारतींना निळसर करडा पेन्स ग्रे, अशी वाटणी झाली की रेखाटन कितीही चांगले असले तरी ते दोन भाग एकमेकांना ओळखत नाहीत. या विषयापुरते हे दोन्ही रंग बाजूला ठेवून पाहावे. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून सिमेंटचा करडा रंग मिळतो. निळा वाढवला तर सावलीतली भिंत होते, सिएना वाढवला तर उन्हात तापलेली. त्याच मिश्रणात यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा थोडा अधिक तेजस्वी पिवळा घातला की येऊरच्या झाडीचा दबका हिरवा तयार होतो. एकाच वाटीतून डोंगर आणि भिंत दोन्ही निघाली की त्यांचे नाते वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत साचतात आणि पावसाने काळवंडलेल्या प्लास्टरचा पोत आपसूक येतो; अशा ठिकाणी कुंचला पुन्हा फिरवू नये.

दुसरी गोष्ट ऋतूची. एप्रिल-मे महिन्यांत येऊरचा साग निष्पर्ण असतो, डोंगर करडा-तपकिरी दिसतो आणि त्याचा रंग आसपासच्या इमारतींच्या फार जवळ जातो. जुलैत तोच डोंगर इतका हिरवा होतो की इमारती परक्या वाटू लागतात. आपण बहुतेक जण पावसाळ्यातच रंग घेऊन बाहेर पडतो आणि मग विरोधच रंगवून परततो. हाच विषय मे महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, करून पाहावा. दोन्हींवर पडणारे ऊन एकच असते आणि सावल्यांची दिशा एकच असते हे त्या काळात जितके स्पष्ट दिसते तितके एरवी दिसत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. हिवाळ्यात ठाण्या-मुंबईवर जे धुरकट आवरण असते ते दूरचे रंग फिके करते, कडा मऊ करते आणि डोंगराला इमारतींच्या मागे आणखी दूर ढकलते. फ्रेंच चित्रकार मोने १८९९ ते १९०१ या काळात लंडनमध्ये टेम्स नदीची चित्रे करत होता, तेव्हा त्याला मोह पडला होता तो कोळशाच्या धुराने भरलेल्या धुक्याचाच. इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोने यांच्या मिळून सुमारे शंभर चित्रांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चित्रकारांच्या काळात हवेत वाढत गेलेले प्रदूषण आणि चित्रांतील मऊ पडत गेलेल्या कडा यांचा मेळ त्यात दाखवला आहे. मला ही गोष्ट अस्वस्थ करते, कारण ते सौंदर्य खरे आहे आणि तो धूरही खरा आहे. आपण धुरके रंगवाल तेव्हा ते हवेचा निरागस परिणाम म्हणून रंगवू नये. त्यात किंचित सिएना घालावा. ठाण्यातल्या हिवाळी सकाळचे धुरके निळे नसते, ते पिवळट-तपकिरी असते, आणि एवढी प्रामाणिक नोंद पुरेशी आहे.

गिरणगाव

लोरेन्झेत्तीचे उदाहरण मला पूर्णपणे मान्य नाही. ते चित्र सिएनाच्या नऊ सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या सभागृहासाठी करवून घेतले होते. त्यात खेडे सुखी आहे ते शहराला धान्य पुरवते म्हणून. निसर्ग आणि शहर यांचे नाते तिथे सुसंवादी दिसते, कारण ते राज्यकर्त्यांच्या खिडकीतून पाहिलेले आहे. ठाण्याच्या पायथ्यावर उभे राहून चित्र काढणाऱ्याने कोणाच्या खिडकीतून पाहायचे हे आधी ठरवले पाहिजे. बाविसाव्या मजल्यावरून डोंगर हे विकत घेतलेले दृश्य असते. पाड्यातल्या घराच्या उंबऱ्यावरून तेच दृश्य उलटे होते आणि इमारत ही आकाशाचा मोठा तुकडा झाकणारी वस्तू ठरते.

आपण ठाण्यातच आहात, तेव्हा चित्रकार सुधीर पटवर्धन यांचे काम लक्षपूर्वक पाहावे. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि त्याच काळात त्यांनी मुंबई-ठाण्याच्या कष्टकरी वस्त्या, रेल्वे, रस्ते आणि शहराच्या वाढत्या कडा रंगवल्या. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. त्यांच्या मोठ्या नगरदृश्यांत, विशेषतः ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात, जागा एकाच बिंदूवरून पाहिलेली नसते. रस्ता आपल्याकडे कलतो, वस्ती वरून दिसते, शेजारची इमारत समोरून दिसते, आणि तरीही सगळे मिळून एक ठिकाण तयार होते. शहरात चालणाऱ्या माणसाला शहर असेच दिसते, कारण तो मान वळवतो, चढतो, उतरतो.

आपल्या अडचणीवर याचा थेट उपाय आहे. एकबिंदू यथादर्शन (सगळ्या रेषा दूरच्या एकाच बिंदूकडे जातात अशी मांडणी) घेतले की पुढचे आणि मागचे ठरून जाते, आणि डोंगर मागेच राहतो. भिंतीचा तळ वरून पाहिलेला, पाण्याची तोंडे समोरून पाहिलेली आणि उतार खालून वर पाहिलेला असे एकाच कागदावर घेतले, तर डोंगराला पडदा होण्याची संधीच मिळणार नाही. ॲक्रिलिकमध्ये हे सोपे जाते, कारण चुकलेला भाग झाकून पुन्हा करता येतो.

आणि तो पहारेकरी चित्रात असावाच, तोही केवळ उंचीचा अंदाज यावा म्हणून ठेवलेला ठिपका म्हणून नको. दिवसाचे बारा तास त्या डोंगराच्या पाण्याशी ज्याचा संबंध येतो असा त्या संकुलात तोच एक माणूस असावा. पटवर्धनांच्या चित्रांतील माणसांना वजन असते. ती उभी राहिली तर जमीन दाबली जाते असे वाटते. ते वजन साधायचे असेल तर त्याची परवानगी घेऊन आधी त्याची स्वतंत्र रेखाटने करावीत.

उपवनकाठ

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. शिखर आणि वरचे मजले सोडून देण्याची सूचना मला लगेच पटली, आणि एकाच वाटीतून दोन्ही रंग काढण्याचीही.

एक उपप्रश्न आहे. शिखर सोडले की क्षितिजरेषाही जाते आणि समोर फक्त भिंत, पाणी, शेवाळ आणि माणूस उरतो. अशा चित्रात डोंगराचे मोठेपण कसे टिकवावे? केवळ भिंतीचा तुकडा पाहून कोणाला येऊर आठवेल का, ही शंका मनात आहे.

रेतीबंदर

मी चित्रकार नाही. बांधकाम क्षेत्रात अनेक वर्षे काढली आहेत आणि चित्रे पाहण्याची आवड आहे. पण या उपप्रश्नाबद्दल मला काही सांगावेसे वाटते.

आपण ज्या भिंतीविषयी लिहिले आहे, ती डोंगरापासून वेगळी वस्तू आहे असे मानूनच हा प्रश्न उद्भवतो. काँक्रीटच्या घनफळात सर्वांत मोठा वाटा खडीचा असतो, आणि आपल्या भागात ती खडी म्हणजे फोडलेला काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. पारसिकच्या डोंगरावर आणि नवी मुंबईच्या बाजूला त्याच्या खाणी वर्षानुवर्षे चालल्या. कारखान्यात दगड दळून केलेली वाळू रुळण्यापूर्वी रेती खाडीतून आणि उल्हास नदीतून उपसली जात असे. मुंब्र्याच्या वाटेवरच्या रेतीबंदराचे नाव त्यावरूनच पडले. म्हणजे आपल्या बाविसाव्या मजल्यावरचा माणूस फोडलेल्या डोंगरावर आणि उपसलेल्या खाडीवर उभा आहे. ही गोष्ट आजची नाही. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली कुर्ल्याच्या खाणीतल्या पिवळसर दगडात उभा राहिला. आणि त्या शहराची तहान १८९२ पासून तानसा तलावाच्या पाण्याने भागते आहे. त्या पाण्याच्या प्रचंड जलवाहिन्या ठाणे जिल्ह्यातून जमिनीवरून गेलेल्या आजही दिसतात.

जुन्या काँक्रीटचे वरचे प्लास्टर निखळले की आत खडीचे काळे, कोनदार तुकडे उघडे पडतात. आपल्या भिंतीत अशी जागा नक्की असेल. नसेल तर जवळच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या खांबात शोधावी. ती जागा मोठी करून, अगदी समोर घ्यावी. कापलेल्या डोंगराचा उघडा दगड भिंतीच्या वरच्या कडेला दिसत असेल, तर दोन्हींचा काळेपणा एकच येईल याची काळजी घ्यावी. पाहणाऱ्याला त्यामागचे कारण कळले नाही तरी त्याचा डोळा ते दोन काळे रंग जोडून घेईल. डोंगराचे मोठेपण उंचीतूनच दाखवले पाहिजे असे नाही. दिवसरात्र चार महिने त्याच्या पोटातून पाणी येत राहते, यातही त्याचा आकार आहे. त्यामुळे पाण्याच्या तोंडांची रांग चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ द्यावी आणि ती दोन्हीकडे तुटलेली ठेवावी.

क्षितिजरेषा गेल्याची चिंता तर मुळीच करू नये. ज्या डोंगराविषयी आपण बोलतो आहोत त्याच्या पाड्यांतून वारली समाज राहतो, आणि वारली चित्रात क्षितिज नसते. लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर पालघट देवीचा जो चौक लिहितात, त्यात आणि त्याभोवती झाड, पक्षी, माणूस, घर सगळे एकाच तांबड्या मातीच्या पृष्ठभागावर, तांदळाच्या पिठाच्या एकाच पांढऱ्या रंगात येते. पुढे-मागे असा भेदच तिथे नाही. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत एकच जाळे जवळजवळ सारा पृष्ठभाग व्यापते, आणि माणसे, मासे, पाणी ही त्याच्या विणीच्या आधाराने आपापली जागा घेतात. आज वारली चित्रकार रेल्वे आणि इमारतीही त्याच सहजतेने रंगवतात. आपण वारली आकृत्यांची नक्कल करावी असे मी सुचवत नाही. ती त्यांची भाषा आहे आणि गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांवर तिची पुरेशी सजावट झाली आहे. पृष्ठभाग सर्वांना समान वाटून देण्याची त्यांची रीत मात्र कोणालाही शिकता येईल.

ओलाकागद

वरील प्रतिसादाला धरून एक व्यावहारिक सूचना करतो. पाण्याच्या तोंडांची रांग दोन्ही कडांनी तुटलेली ठेवायची असेल तर नेहमीचा पाव ताव पुरणार नाही. अर्धा ताव आडवा घेऊन लांबीत कापावा, म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर उंच अशा दोन पट्ट्या मिळतील. एक पट्टी मे महिन्यात करावी आणि दुसरी जुलैत, त्याच जागी बसून. शेवाळाचे पट्टे मे महिन्यात वाळून जवळजवळ काळे झालेले असतात; त्यांना सिएना आणि अल्ट्रामरीनचा गडद थर द्यावा. जुलैच्या पट्टीत त्याच जागांवर आधी कोरा कागद राखून पिवळा अगदी पातळ लावावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच वरून निळसर थर द्यावा, नाहीतर हिरवा गढूळ होईल. पाण्याच्या धारा पांढऱ्या रंगाने काढू नयेत. त्या जागी कागद राखावा, किंवा वाळलेल्या रंगावरून ओलसर कुंचल्याने रंग उचलून घ्यावा.

पहारेकऱ्याची खुर्ची लाल असेल तर ती तशीच ठेवावी. सगळे चित्र एका वाटीतून निघालेले असताना एवढा एक परका रंग त्याला सहज पेलेल.